अकरा पाल्यांचं गंबो

“भेंडी कोणी टाकली यात?”

ओडालीनं पातेल्यातून डाव वर उचलला, तशी लांबलचक तार सुटली. पहाटेपासून निवडून, धुऊन, शिजवून केलेलं अकरा पाल्यांचं हिरवं गंबो, भातावर ओतायचा दाट रस्सा! ती जेमतेम दहा मिनिटं भाताकडे वळली होती.

“मी,” पेट्रा म्हणाली. ओडाली रांधायची त्या वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर नव्या कंपनीनं चालवायला घेतलं होतं, तिची ही आहारतज्ज्ञ. येऊन सहा आठवडे झाले होते. “फ्रीजरमध्ये दोन पाकिटं होती. मिस ओडाली, मी वाचलंय ना, गंबो म्हणजे मुळात भेंडीच. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचा शब्द. फलकावर गंबो लिहायचं आणि आत भेंडीच नाही, हे बरं दिसतं का?”

“वाचलंस होय! अगं, हे आजीनं मला सांगितलं तेव्हा माझे दुधाचे दात पडले नव्हते. शब्द भेंडीचा, कोण नाही म्हणतंय? पण भेंडी उन्हाळ्यातली. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी न्यू ऑर्लिन्सात कुणाच्या परसात भेंडी लागते, सांग की! बायकांनी मिळेल तो पाला खुडला, शिजवला आणि नाव जुनंच ठेवलं. आजीचं नाव नातीला ठेवतात ना, तसं. म्हणून काय नातीच्या तोंडात आजीची कवळी बसवायची?”

“मला वाटलं, त्या लोकांचा मान राहील.”

“राहिला हो मान! माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवलंस.”

ओडालीला रडू फुटायचंच बाकी होतं, आणि ते काही पातेल्यासाठी नव्हतं. वरच्या मजल्यावर अल्से ट्रेपान्ये पडून होता. वय एकोणनव्वद. सातव्या वॉर्डातल्या निम्म्या घरांच्या छतांना त्याच्या हातचा गिलावा. तो ओडालीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. लहानपणापासून ती त्याला ‘पारँ’ म्हणे. पाच दिवस त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. आज दुपारपर्यंत काही खाल्लं नाही, तर इस्पितळात नेऊन नाकातून नळी घालायची, असं डॉक्टर सांगून गेले होते. “नळी नको,” अल्से म्हणाला होता. “गुरुवारचं गंबो आण, मग बघू.” त्या ‘मग बघू’वर ओडालीनं पाच दिवस काढले होते.

पुन्हा करायला ना पाला होता, ना वेळ. तिनं वाडगाभर गंबो काढलं, भेंडीचा तुकडा न् तुकडा वेचून टाकला आणि चडफडत जिना चढली. पेट्रा न बोलावता मागोमाग आली.

अल्सेनं चमच्याला जीभ लावली आणि ओठ मिटून घेतले.

“भेंडी.”

“काढलीय सगळी, पारँ. दोनच घास. माझ्यासाठी.”

“हिला बोलली असशील. बोलू नकोस. भेंडी नसती तरी घशाखाली गेलं नसतं, पोरी.”

“मग मला पाच दिवस आशेला का लावलंत?” ओडालीचा आवाज चढला. “मी वेड्यासारखी बाजार पालथा घातला!”

“वास घ्यायचा होता एकदा.”

ओडाली खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. संताप तर असा आला होता की वाडगा भिंतीवर फेकावा.

“तू खाल्लंयस कधी?” अल्सेनं पेट्राला विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली.

“नुसतंच वाचलं! बस. खा.”

पेट्रा खुर्चीच्या कडेवर बसली. पहिला घास तिनं भीतभीत घेतला.

“मोहरीचं पान लागलं?”

“कडवट आहे ते?”

“तेच. आता गाजराचा पाला. मुळ्याचा. बिटाचा गोडसर लागेल बघ.” एकेक नाव घेताना त्याला धाप लागत होती, पण एकही चुकलं नाही. अकरावा सांगून होईपर्यंत वाडग्याचा तळ दिसला. “जितके पाले, तितके नवे सोबती जोडतो माणूस वर्षभरात. पहिला मला धर.”



तेवढ्यात नर्स तक्ता घेऊन आत आली. पेट्रानं वाडगा पटकन टेबलावर ठेवला. नर्सनं वाडगा पाहिला, अल्सेकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

“अरे वा! सगळं संपवलं यांनी?”

ओडालीनं पेट्राकडे पाहिलं. पेट्रा खाली मान घालून बसली होती. ओडालीला त्याला जगवायचं होतं. देवाशप्पथ, दुसरं काही नको होतं.

“रिकामा वाडगा दिसत नाही का तुला?” ती नर्सवर खेकसली. “की चाटून दाखवू?”

“चिडता काय! इस्पितळाला नको म्हणून कळवते,” नर्स म्हणाली, आणि तक्त्यावर ‘पूर्ण जेवले’ असं लिहून पुढच्या खोलीत गेली.

अल्सेनं डोळे मिटले होते. चादरीखालून हात काढून त्यानं चाचपडत ओडालीचं मनगट धरलं. त्या पकडीत जोर असा काही उरला नव्हता, तरी ओडालीनं हात सोडवून घेतला नाही.