उरलंसुरलं

मरळीचे जाड तुकडे ओसरीवरच्या तीन ताटांत वाढून झाले, तशी गोजरबाई चुलीकडं वळली आणि तव्यावरची बोटाएवढी मासोळी उलथन्यानं खरवडून तिनं सुनेच्या थाळीत आदळली. थाळी वाजली. वाजावी म्हणूनच आदळली होती.

“हे घे, उरलंसुरलं,” ओसरीवर ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली.

शालूनं मान खाली घातली. थाळीत मुंडकी, काटे, शेपट्या. मासा म्हणावा असा त्यात शोधावा लागे. तिला सहावा महिना चालू होता. नेमका त्याच वेळी तिचा भाऊ दाजिबा पाण्याचा तांब्या मागायला दाराशी आला. त्यानं बहिणीची थाळी पाहिली, आपल्या बोटांना लागलेलं मरळीचं कालवण पाहिलं आणि तांब्या न घेताच मागं फिरला.

ते गोजरबाईनं पाहिलं. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, अशी रीत. दुसऱ्यालाही भाऊ सेनगावाकडून गाडी जुंपून येतो, तेव्हा नेलेली बहीण परत येईलच असं कोणी धरून चालत नाही.

गोजरबाईचा नवरा माणिकराव माणूस वाईट नव्हता. फक्त ‘ताकद’ हा शब्द त्याला फार लांबून ऐकू येई. शालूच्या पहिल्या बाळंतपणानंतर गोजरबाईनं डिंकाचे लाडू वळले आणि भोळेपणानं बोलून गेली, की यानं हाडं भरतात. माणिकरावाची हाडं त्याच दिवशी दुखायला लागली. शेळीचं दूध नजरेला चांगलं असं एक वैदू सांगून गेला, तर नातवासाठी आणलेली शेळी आज्याची झाली. लेक ग्यानबा स्वतःहून काही मागत नसे, पण समोर आलेलं परतवतही नसे. या घरात जे चांगलं ठरतं ते ओसरीवर जातं, हा हिशेब गोजरबाईला तेव्हा कळला. चुलीपाशी काही राहू द्यायचं, तर आधी त्याला नावं ठेवावी लागतात.

म्हणून ती ठेवी. नर्मदाबाई भोईण पूर्णा नदीची मासळी घेऊन दारात बसली, की गोजरबाई जवारी मापून मरळ घेई आणि टोपलीच्या तळची बारीक मासोळी, ‘कुत्र्यालाबी कोनी घालीना’ असं म्हणत, वर टाकून घेई. माणिकराव तिला ‘चिल्लर’ म्हणे आणि तिच्याकडं ढुंकूनही बघत नसे. गोजरबाईला तेच हवं होतं.

नर्मदाबाई तिच्याहून वयानं मोठी, लेकरंही तिला जास्त झालेली, आणि तरी सुपारी दाढेखाली फोडी. गोजरबाई ते बघत राही. तिचे स्वतःचे दात लेकरागणिक गेले होते. शेवटची दाढ उपटताना जबडाच कडकन तडकला, महिनाभर पेजेवर काढावा लागला, आणि हनुवटी डाव्या अंगाला सरकली ती तशीच राहिली. भोयांच्या बाया बारीक मासोळी काट्यासकट चावून खातात, एवढाच दोघींच्या खाण्यात तिला फरक दिसे. हे तिला कोण्या हकिमानं सांगितलं नव्हतं. पण पहिल्या खेपेलाच शालूचा एक दात भाकरीच्या घासात निघून आला, तेव्हा तिनं मनाशी पक्कं केलं.

सकाळी दाजिबानं ओसरीवर विषय काढला. सरकारच्या लेव्हीत धान्य घालूनही आपल्या घरी बहिणीपुरती जवारी उरते, असं तो म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. माणिकराव पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. आत शालू लुगडी गाठोड्यात भरत होती.

गोजरबाईनं आत येऊन दार लोटलं. ओसरीवर खरं बोलली असती तर तिचं नाव राहिलं असतं. पण ते माणिकरावाच्या कानावर गेलं असतं. आणि न बोलता सून जाऊ द्यावी, तर सेनगावाकडच्या त्या माळावर नदी नव्हती, की मासोळी नव्हती.

“काहून बांधून राहिलीस?”

“कुत्र्यालाबी घालत न्हाईत ते मला घालता. तुमीच म्हंता तसं, आत्याबाई.”

गोजरबाईनं सुनेचा हात धरला आणि तिचं बोट आपल्या तोंडात घातलं. शालू हात मागं घ्यायला गेली, पण म्हातारीनं सोडला नाही. हिरडीखाली हाड कसलं, वाळल्या शेंगेची कड. आणि एका जागी ते वाकडं सांधलेलं, बोट अडेल असं. मग गोजरबाईनं तेच बोट पदरानं पुसलं आणि शालूच्या स्वतःच्या जबड्यावर दाबून धरलं.

“या खेपेला हाललाय का एकतरी?”

शालूनं दातांवरून जीभ फिरवली. “न्हाई.”

“काट्यासकट खाती म्हनून.”

“मंग सांगायचं तरी.”

“सांगितलं आसतं, तर ती थाळी कुनापुढं गेली आसती?”

शालूनं दाराच्या फटीतून ओसरीकडं पाहिलं. मग गाठोड्याकडं पाहिलं. तिच्या गालाला खळी पडता पडता राहिली.

तेवढ्यात बाहेर माणिकरावानं घसा खाकरला. रात्रभर त्याचं मन त्याला खात होतं, हे त्याच्या आवाजावरूनच कळत होतं. आजपासून मरळ सुनेच्या ताटात जाईल, तो म्हणाला. ती चिल्लर आपण आणि ग्यानबा खाऊ. या घरात सुनेला उपाशी मारतात असं कोणी म्हणायला नको. बोलताना त्याचे डोळे भरून आले.

गोजरबाईचा हात दारावरच राहिला. इतक्या वर्षांत नवऱ्याला देण्याची बुद्धी झाली, आणि ती आज.

शालूनं डोईवरचा पदर सारखा केला आणि दाराआड उभी राहिली.

“दादा, मामंजीला सांग, मरळीचा वास मला सोसत न्हाई. बापयानं चिल्लर खायाची आन् बाईनं मरळ, हे गावाला बरं दिसंल का? मला उरलंसुरलंच गोड लागतं.”

“मंग गाडी?” दाजिबानं विचारलं.

“गाडी ने. बाळंतपनाला वैनीला घेऊन ये.”

दाजिबा गोंधळून एकदा दाराकडं आणि एकदा बैलांकडं बघू लागला. माणिकरावानं मात्र सुनेचं म्हणणं जरा जास्तच लवकर मान्य केलं.

पुढच्या खेपेला नर्मदाबाई आली, तेव्हा टोपलीपाशी शालू बसली. मासोळीला तिनं अशी नावं ठेवली, की जरा अतीच होतंय असं गोजरबाईला वाटलं. संध्याकाळी बापये जेवून उठल्यावर शालूनं त्यातली मूठभर मासोळी तव्यावर कुरकुरीत भाजली आणि पाट्यावर घेतली. बोटाला कण लागेनासा होईपर्यंत वाटली. मग कालवणात कुस्करलेल्या भाकरीत ती कालवली.

“काय वाटून राहिली गं सूनबाई?” ओसरीवरून माणिकरावानं विचारलं.

शालूनं वाटी सासूपुढं आदळली. वाटी चांगली वाजली.

“हे घ्या आत्याबाई, उरलंसुरलं,” ती मोठ्यानं म्हणाली.

ओसरीवरून पुन्हा काही विचारणा झाली नाही. गोजरबाईनं वाटी जवळ ओढली आणि सवयीनं पहिला घास जिभेवर फिरवून पाहिला. काटा एकही लागला नाही.