वहिनीच्या खिडकीसमोरचा टॉवर

मोबाइलचा टॉवर वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, येणार म्हटल्यावर वाडीने धसका घेतला. वरून किरणं पडतील, पोरंबाळं आजारी पडतील, असं जो तो बोलू लागला. लवूचं घर सड्याच्या अगदी खाली, आणि घरात दोन नातवंडं. बैठकीत त्यानेच तोड काढली: टॉवर खाली, खाडीलगतच्या माझ्या जमिनीत उभारा. सगळ्यांना पटलं.

टॉवर चढत गेला आणि त्याचे अँटेना उतारावरच्या तुळसावहिनीच्या खिडकीसमोर येऊन थांबले. वहिनी म्हणजे लवूच्या थोरल्या भावाची विधवा. घरात एकटीच. ती लग्न होऊन आली तेव्हा लवू पाटी घेऊन शाळेत जायचा, म्हणून ती त्याला नावानेच हाक मारी.

"ह्यो सारखो माझ्याकडे बघत रवता रे, लवू," ती म्हणाली. "निजताना पदर घेवचो लागता."

लवूने कंपनीच्या मागे लागून इंजिनीअर आणवला. त्याने खिडकीत मीटर धरला.

"सरकारी मर्यादेच्या आत आहे, आजी," तो म्हणाला. "मात्र अँटेना किरणं समोर फेकतात, पायथ्याशी फार कमी. सड्यावर असता तर सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं असतं. खालची जागा कुणी सुचवली?"

लवू मीटरच्या आकड्यांकडे बघू लागला. वहिनीला ठाऊक होतं, पण तिने इंजिनीअरपुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

इंजिनीअर गेल्यावर लवू म्हणाला, "आयकलंस मा, वयनी? धोको नाय."

"मगे तू ये हंय रवाक, नातवंडांका घेवन. मी तुझ्या घरात जातंय."

ती हसत होती. लवूनेही हसून 'येतंय' म्हणायला हवं होतं. त्याची नजर अँटेनांकडे गेली.

"बघतंय," तो म्हणाला.

वहिनीचं हसू ओसरलं. ती चहा ठेवायला आत गेली.

त्यानंतर लवूला अन्न गोड लागेना. त्याने मुलाची, सुनेची समजूत घातली आणि एका सकाळी तो वहिनीकडे गेला. ती गाठोडं बांधत होती. वैभववाडीला लेकीकडे निघाली होती, राहायलाच.

"वयनी, घरां बदलूया. आमी येतो."

"तू येतलंस, ता माका म्हायत होता," गाठ आवळत ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पण तुका इचार करूचो लागलो."

लवू गाठोडं उचलायला पुढे झाला. तिने ते त्याला उचलू दिलं.