अंगाला लागून

पिंपळनेरच्या भटूच्या अंगावर हिवाळ्यात थरावर थर असत, आणि त्याच्या बायकोचं, प्रमिलाचं, सगळं दुखणं त्यातल्या पहिल्या थराचं होतं.

भटू रोज सकाळी राजदूत फटफटीला कॅन बांधून वरच्या पाड्यांवर दूध आणायला जाई. डोंगरातला बोचरा वारा, त्यात धुकं. माणूस कपड्यांत नीट बांधलेला नसेल तर खाली येईपर्यंत दात वाजायचे. म्हणून आधी अंगाला लागून लोकरीची बंडी, तिच्यावर शर्ट, शर्टावर प्रमिलाने शिवलेली मांजरपाटाची सुती बंडी, छातीशी दुपदरी वर्तमानपत्र आणि सगळ्यांच्या वर रेक्झिनचा कोट.

लोकरीची बंडी झुंबरअक्काने विणलेली. अक्का म्हणजे भटूची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि आईविना राहिलेल्या भटूला तिनेच वाढवलं. हे सगळं प्रमिलाला मान्य होतं हो. पण वाढवलं म्हणून काय जन्मभर त्याच्या छातीला चिकटून राहायचं? लग्नाची बायको ही, आणि हिची बंडी शर्टाच्या वर, उपऱ्यासारखी!

एकदा तिने विचारलंही होतं. भटू म्हणाला, "सूत घामानं भिजस, मंग आंगवर गार पडस. लोकर भिजनी तरी ऊब देस. अक्का सांगस."

पहिली दोन वाक्यं प्रमिलाला पटली असती. तिसऱ्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवाय रोज निघताना अक्का त्याच्या बंडीचा काठ ओढून नीट करी, आणि हा बाप्या माणूस शाळकरी पोरासारखा उभा राही. ते बघून चुलीपुढे प्रमिला लाकडं उगाच जोरात सारायची. तिला दिवस गेले होते, पण तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं की हा आधी अक्काकडे धावणार, मग काय उरलं आपलं?

पौषात आभाळ भरून आलं. वारा सुटला आणि बारीक पाऊस धरला. त्या सकाळी भटू उठायच्या आधीच प्रमिलाने लोकरीची बंडी बादलीत बुडवली.

"अक्कानी बंडी कोठे शे?" भटूने विचारलं.

"भिजाडी ठेयेल शे. वास मारस तिले."

"आजच धवानी काय पडेल व्हती?"

"मनी बंडी शे ना! घाला आंगले लागीसन. एक दिवस काय व्हस?"

अक्का गोठ्यात होती. भटूला उशीर झाला होता. त्याने मुकाट्याने सुती बंडी आत घातली आणि वर बाकीचं चढवलं. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत प्रमिला दारात उभी होती. लग्न झाल्यापासून इतकं गोड तिला कधी वाटलं नव्हतं.

मग तिने बादलीकडे मोर्चा वळवला. भिजवली म्हटलंय तर धुवायला हवी. उकळतं पाणी, सोडा आणि धोपाटणं. एकेक घाव तिने असा घातला की जणू समोर बंडी नव्हतीच. पिळून झटकली आणि बघते तर काय! भटूची बंडी आटून वीतभर झाली होती.

भटू दुपारी आला तो निळ्या ओठांनी. वर चिखलात गाडी ढकलताना तो घामाने निथळला होता आणि उतारावर वाऱ्याने तोच घाम गार केला होता. त्याला कोटाची बटणंही काढता येईनात. अक्काने ओली सुती बंडी ओढून काढली, कोरड्या धोतराने अंग पुसलं आणि ओव्याचं गरम तेल चोळलं. प्रमिला नुसती शेगडी फुंकत राहिली. याला काही झालं तर? आणि आत्तासुद्धा त्याच्या छातीवर हात अक्काचाच!

भटू घोंगडीत शांत झोपला तशी अक्का बंडी वाळत घातलेल्या दोरीपाशी गेली.

"ऊन पानी दिनं का वं हाई लोकरले?"

आता आपलं काही खरं नाही, हे प्रमिलाने ओळखलं. पण अक्का बंडी हातात ताणून हसली.

"राहू दे. लेकरुले कामले ई. दाट व्हयनी, वारा बी शिराव नही."

"कोनं लेकरु?"

"तुनं! माले काय समजस नही?"

तेवढं एक आपलं होतं, तेही गेलं. प्रमिला उसळून म्हणाली, "मंग जलमताच हाईच घालशात त्याना आंगले!"

"बावळी शे का तू? कवळा आंगले लोकर टोचस. तुनं सुतनं झबलं मझार, मनी बंडी वर."

जिच्यासाठी प्रमिलाने नवऱ्याला गारठवलं, ती अंगाला लागूनची जागा अक्काने बोलता बोलता देऊन टाकली. प्रमिलाला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला. ही जागाही मिळाली ती हिच्याच हातून!

तिने तडक जुनं मऊ लुगडं काढलं, कात्री घेतली आणि बसली. कापड पसरलं, घडी घातली आणि तिचा हात थांबला. इवलंसं मूल तिने कधी सांभाळलंच नव्हतं.

"अक्का," ती मान वर न करता म्हणाली, "माप कितलं धरू?"

अक्काने आटलेली बंडी तिच्यापुढे टाकली. "हिनाथून बोटभर लहान."

प्रमिलाने ओठ घट्ट मिटले, बंडी कापडावर नीट पसरली आणि तिच्याहून बोटभर लहान माप धरून कात्री चालवली.