गोवळकोंड्याची सवारी

सिरिल बातिस्त यांनी टॅक्सीचं पुढचं दार उघडलं, ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि मागे वळून म्हणाले, "एवढी जागा रिकामी न्यायची? आमच्याकडे असं कुणी करत नाही."

मागच्या सीटवर एकनाथराव कंधारकर एकटेच बसले होते. काचीगुड्याच्या एका शाळेत ते इंग्रजी शिकवत. पाहुण्यांसाठी त्यांनी मुद्दाम धुतलेला कोट चढवला होता.

"वाटेत कुणाला त्याच रस्त्याने जायचं असेल तर घेऊ या," सिरिल म्हणाले. "भाडं वाटलं जाईल. त्रिनिदादला टॅक्सी अशीच चालते. हात केला की थांबते. आत शिरताना सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं, आपली जागा आली की उतरायचं. एकट्यासाठी मोटार करणं मला नाही परवडत."

एकनाथरावांना हे आवडलं नाही. ओळखीचं कुणी पाहिलं तर काय म्हणेल, हा पहिला विचार त्यांच्या मनात आला. तरी त्यांनी उर्दूत ड्रायव्हर महबूबमियाँना विचारलं. महबूबमियाँ पूर्वी एका जहागीरदाराची मोटार चालवत. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शननंतर वर्षभरात जहागिरी गेल्या आणि नवाबसाहेबांनी पगाराच्या ऐवजी ही जुनी ऑस्टिन त्यांच्या गळ्यात बांधली.

"क्यों नहीं साब," महबूबमियाँ हसून म्हणाले. "पहले इस गाडी में बेगमां बैठते थे, अब पब्लिक बैठेंगी."

दोघा शिक्षकांची ओळख पत्रांतून झालेली. लंडनच्या एका शैक्षणिक मासिकात एकनाथरावांनी पत्रमित्रासाठी नाव दिलं होतं आणि त्रिनिदाद नावाच्या बेटावरून उत्तर आलं होतं. एकनाथराव सगळं शिकले ते उर्दूत. त्यांचं इंग्रजी पुस्तकी, अडखळणारं. सिरिल दर पत्रात, कुठेही चूक न दाखवता, त्यांचंच वाक्य नीट करून पुन्हा लिहीत. काही वर्षांत एकनाथरावांचं इंग्रजी असं सुधारलं की शाळेत लोक अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडे येऊ लागले. सिरिल यंदा पुढच्या शिक्षणासाठी लंडनला आले होते. त्यांच्या शाळेतली निम्मी मुलं हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांची नातवंडं होती. ती मुलं जिथली, तो देश एकदा पाहावा, म्हणून पै पै साठवून, बोटीच्या खालच्या वर्गाने ते मुंबईला उतरले आणि तिथून हैदराबादला आले.

नामपल्ली स्टेशनवर एकनाथराव त्यांच्या समोरून एकदा तसेच पुढे गेले होते. पत्रांतून कधी फोटो आला नव्हता. सिरिल बातिस्त हे नाव असलेला माणूस इतका काळा असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. डबा रिकामा झाला, फलाटावर तेवढे एकच पाहुणे उरले, तेव्हा एकनाथराव परत वळले. सिरिल यांनी ते पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी दोन्ही हातांनी एकनाथरावांचा हात धरला होता.

अफझलगंजला एका म्हातारीने हात केला. बरोबर तिचा नवरा आणि कापडात बांधलेली पितळी भांडी. लंगर हौजला जायचं होतं. सिरिल उतरले, भांडी आत ठेवायला मदत केली आणि दोघांना "गुड मॉर्निंग" म्हणाले. म्हातारी त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग गाडी पुलावर चढली तसं तिने पुढे वाकून विचारलं, "तुम ए. सी. गार्ड के हैं क्या बाबा? हमारे मोहल्ले में भी एक हैं, सुलेमान बोलके. बिलकुल तुम्हारे जैसे."

"काय म्हणतात त्या?" सिरिल यांनी विचारलं.

"निजामाच्या घोडदळात, आफ्रिकन कॅव्हलरी गार्डमध्ये, आफ्रिकेहून आणलेले हबशी शिपाई होते," एकनाथराव म्हणाले. "आता ती पलटण मोडली. पण ते लोक इथेच राहतात. यांच्या मोहल्ल्यात सुलेमान नावाचे एक आहेत, तुम्ही त्यांच्यातलेच असं या बाईंना वाटतं."

सिरिल मोठ्याने हसले. "बोट सोडल्यापासून सगळे मला कुठला म्हणून विचारतायत. इथलाच समजणाऱ्या या पहिल्याच. त्यांना सांगा, सुलेमानना माझा नमस्कार."

एकनाथरावांनी सांगितलं. म्हातारीने सिरिल यांच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. मग लंगर हौज येईपर्यंत ती त्यांना सुलेमानच्या तीन लग्नांची हकीकत सांगत राहिली, आणि सिरिल एक शब्द न कळता माना डोलवत राहिले. एकनाथरावांनाही हसू आवरेना. शेजारी कोण बसलंय, कोण पाहतंय, हे ते कधी विसरले ते त्यांनाच कळलं नाही.

किल्ल्याच्या दरवाज्याशी पोहोचेपर्यंत ऑस्टिन तापून वाफ सोडू लागली. महबूबमियाँनी बॉनेट उघडलं. सिरिल यांनी कोट काढून सीटवर टाकला, बाह्या सरसावल्या आणि विहिरीवरून पाण्याचा डबा भरून आणला. तिकडे महबूबमियाँ बॉनेटखाली वाकलेले, इकडे सिरिल डबा तिरका धरून उभे. तेवढ्यात मागून मराठीत हाक आली.

"कंधारकर! तुम्ही इकडे कुठे?"

शिक्षण खात्यातले नवे साहेब, हिम्मतराव पाटणकर. पोलीस अ‍ॅक्शननंतर बाहेरून जे अधिकारी आले त्यांतले ते एक, पुण्याचे. शाळेचे हेडमास्तर निवृत्त झाले होते आणि त्या जागेवर कोण, हे पाटणकर ठरवणार होते. आज त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी होत्या. जीपमधून वेताची टोपली, डब्यांची चळत आणि पाण्याची सुरई उतरवून ठेवलेली होती.

"किल्ला पाहायला आलो, सर," एकनाथराव म्हणाले.

"मोटार करून! वा, मास्तरांची चैन आहे." पाटणकर मनमोकळे हसले. "आमची पंचाईत झालीय बघा. चपराशी ऐन वेळी आजारी पडला. आता हे सगळं वर कोण नेणार?" त्यांची नजर सिरिल यांच्याकडे गेली. "हा हबशी तुमच्या गाडीवरचा वाटतं? निजामाच्या त्या गार्डांतला असणार. काय दणकट असतात हो ही माणसं."

सर, हे माझे मित्र. त्रिनिदादहून आले आहेत. शिक्षक आहेत. वाक्यं तयार होती. एकनाथरावांनी तोंड उघडलंही. पाटणकरांच्या पत्नी सिरिल यांच्या ओल्या बाह्यांकडे पाहत होत्या. आता खरं सांगितलं तर साहेब बायकोदेखत ओशाळतील. ओशाळलेला साहेब ते विसरत नसतो.

"हो, सर," एकनाथराव म्हणाले.

"मग सांगा ना त्याला. एवढं वर बारादरीपर्यंत पोचवून दे म्हणावं. तुम्ही इथले उर्दूवाले, तुमचं ऐकेल तो."

एकनाथराव गाडीजवळ गेले. साहेबांकडे पाठ करून, ओठ फारसे न हलवता ते इंग्रजीत म्हणाले, "सिरिल, हे आमच्या खात्याचे अधिकारी. त्यांचा असा समज झालाय की..." पुढचं वाक्य त्यांना येईना.

सिरिल यांनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. साहेबांकडे, मग बाईंकडे, मग टोपलीकडे.

"हेडमास्तरपद ज्यांच्या हातात आहे असं तुम्ही लिहिलं होतंत, ते हेच?"

"हो."

सिरिल यांनी पाण्याचा डबा खाली ठेवला. रुमालाने एकेक बोट पुसलं. मग जाऊन टोपली खांद्यावर घेतली, एका हातात डबे आणि दुसऱ्या हातात सुरई धरली आणि ते पायऱ्या चढू लागले. बॉनेटमागून महबूबमियाँनी मान वर केली होती. एकनाथरावांनी तिकडे पाहिलं नाही.

वर जाताना पाटणकर शाळेबद्दल बोलत होते. चढ दमवणारा होता, पण साहेबांना बोलायची हौस होती. "तुमचं ते परवाचं टिपण वाचलं मी," ते म्हणाले. "इथल्या माणसाचं इतकं साफ इंग्रजी मी पाहिलं नव्हतं. कुठे शिकलात?"

चार पायऱ्या पुढे सिरिल यांची पाठ होती. सदरा घामाने चिकटला होता. मराठी त्यांना कळणार नव्हतं.

"असंच, सर," एकनाथराव म्हणाले. "वाचून वाचून."

किल्ल्याच्या माथ्यावरच्या बारादरीत, कमानींच्या त्या महालात, सतरंजी पसरली गेली. सिरिल यांनी सगळं खाली ठेवलं आणि घाम पुसत ते बाजूला उभे राहिले. बाईंचं मन हळवं होतं. "बिचारा दमला असेल. पाणी देते हो त्याला," असं म्हणून त्यांनी सुरई उचलली. भांडं त्यांच्या जवळच होतं, पण ते त्यांनी घेतलं नाही. हाताने खूण केली. सिरिल यांना आधी समजेना. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाईंनी पुन्हा खूण केली, तेव्हा ते किंचित वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी नेली. बाईंनी वरून धार धरली. पाणी मनगटांवरून कोपरांपर्यंत वाहत गेलं.

एकनाथराव कमानीतून खालचं शहर पाहत उभे होते. निदान तसं दिसावं, अशा बेताने.

मग बाईंनी कागदात चिवडा बांधून दिला. सिरिल एक शब्द बोलले नाहीत. तोंड उघडलं असतं तर त्यांचं इंग्रजी ऐकून साहेब जागच्या जागी थिजले असते. त्यांनी मान लववली आणि ते पायऱ्या उतरून गेले. साहेबांनी "बसा ना, थालीपीठ खाऊन जा" म्हटलं, म्हणून एकनाथरावांना बसावं लागलं. थालीपीठ चांगलं होतं. त्यांनी ते सगळं खाल्लं.

ते खाली आले तेव्हा सिरिल आणि महबूबमियाँ गाडीच्या पायरीवर बसून चिवडा खात होते.

"सिरिल, मला तुम्हाला..."

"किल्ला फार सुंदर आहे," सिरिल म्हणाले आणि उठले. "आता निघू या. उन्हं उतरायच्या आत परतीच्या सवाऱ्या मिळतील."

सिरिल परतीच्या प्रवाशांसाठी रस्त्याकडे पाहत पुढे चालत गेले, तेव्हा महबूबमियाँ एकनाथरावांजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "दिल पे मत लो साब. नौकरी का मामला है. हम भी ऐसाच करते."

ते प्रेमाने बोलले होते. एकनाथरावांना वाटलं, त्यापेक्षा यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

वाटेत तीन माणसं चढली. दोघं विणकर आणि एक बाई, बाजाराला निघालेली. सिरिल यांनी प्रत्येकाला "गुड आफ्टरनून" म्हटलं. गाडीत परकी माणसं असताना काही बोलता येणार नव्हतं, आणि गाडी शेवटपर्यंत भरलेलीच राहिली.

घरी पद्मावतीबाईंनी माजघरात दोन पाट शेजारी शेजारी मांडले होते. पाहुण्याचं ताट बाहेर ओसरीवर मांडावं असं एकनाथरावांनी आदल्या दिवशी सुचवलं होतं. सोवळ्याचं काय, लोक काय म्हणतील, असं बरंच बोलले होते. "घरी आलेला माणूस घरात जेवतो," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वरण होतं. सिरिल सहज हाताने जेवत होते. त्रिनिदादला शेजारपाजारच्या हिंदुस्थानी आजीबाईंनी त्यांना लहानपणीच शिकवलं होतं.

"विचारा की त्यांना," पद्मावतीबाई भाकरी वाढत म्हणाल्या, "किल्ला कसा वाटला? कोण कोण भेटलं?"

एकनाथरावांनी इंग्रजीत विचारलं.

सिरिल थोडा वेळ घास घोळवत राहिले. मग म्हणाले, "सांगा त्यांना, किल्ला मला फार आवडला. तुमचे साहेब भेटले. तुम्ही माझी ओळख करून दिलीत. माझे मित्र, असं म्हणालात. त्यांच्या पत्नींनी मला खायला दिलं, पाणी दिलं. असं सांगा."

"काय म्हणू लागले ते?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

एकनाथरावांनी ताटातली भाकरी मोडली. पुन्हा मोडली. तुकडे लहान लहान होत गेले.

"साहेब भेटले," ते म्हणाले. "त्यांना वाटलं, हे आपल्या गाडीवरचे नोकर. मी हो म्हणालो. यांच्याकडून त्यांचं सामान वर वाहवून घेतलं. बाईंनी यांना ओंजळीत पाणी पाजलं. मी बघत उभा होतो."

पद्मावतीबाईंचा हात वाढता वाढता थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्या पाहुण्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. पदर ओढून त्यांनी ते पटकन टिपले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सिरिल त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मग ते एकनाथरावांकडे वळले.

"मी सांगितलं ते तुम्ही सांगितलं नाहीत."

"नाही."

सिरिल यांनी वरणाची वाटी जवळ ओढली. बाहेर गल्लीत कुणीतरी तेलुगूत भाजीचा भाव करत होतं.

"मग आता त्यांना एवढंच सांगा," शेवटी सिरिल म्हणाले, "की टोपली काही फार जड नव्हती."

एकनाथराव पानाकडे पाहत बसले. पद्मावतीबाई वाट पाहत होत्या. सोपं वाक्य होतं, त्यातला एकही शब्द अवघड नव्हता. तरी ते मराठीत आणायला त्यांना फार वेळ लागला.