नाव, गोत्र आणि पासवर्ड

शिरपूरला लोटनच्या घरी अख्खी गल्ली जमली होती. त्याच्या लेकीचा, पुनमचा कंप्युटर लालभडक होऊन बोंबलत होता. पडद्यावर कवटी.

"नेटमधून हडळ शिरली," लोटननं बोलावून आणलेले यंत्रनाथ महाराज म्हणाले. "पोरीच्या हातानं आली. आता वर्षभर पोरीनं याला शिवायचं नाही!"

पुनमचा चेहरा पांढरा पडला. सीईटी महिन्यावर आली होती आणि सगळा अभ्यास त्यातच होता.

महाराजांनी कीबोर्डवर शाल पसरली, लिंबू ओवाळलं. "ओम वायफायाय फट्!"

पडदा गप्प. बायांनी हात जोडले.

"आता कागदावर नाव, गोत्र आणि पासवर्ड लिहा. नारळाखाली ठेवू."

लोटननं पेन उचललंसुद्धा.

"देवले बी पासवर्ड सांगना पडस का रे?" त्याचा बाप उखर्डू आबा कोपऱ्यातून म्हणाला.

"आबा, तुम्ही गप बसा," लोटन खेकसला.

आबानं तीस वर्षं कापसाच्या जिनिंग मिलमध्ये काढली होती. तिथं माणूस मशीनपुढं उभा राहिला की आधी हात बघतो. नाहीतर हात जातो. गल्ली लिंबाकडे बघत होती, तेव्हा आबा महाराजांचा शालीखालचा डावा हात बघत होता.

"पुनम, बंद करून चालू कर," आबा म्हणाला.

पुन्हा कवटी, पुन्हा बोंब.

"महाराज, शाल इकडे द्या. डावा हात पाठीमागे. हां, फिरवा आता लिंबू."

सात वेळा फिरलं. कवटी दात विचकतच राहिली. महाराजांना घाम फुटला. आबानं पुढे होऊन, शालीखाली महाराजांची बोटं जिथं दबली होती तीच दोन बटणं राठ बोटांनी एकदम दाबली. शांत!

"आल्ट आणि एफ-फोर," पुनम हसली. "समोरचं बंद करायची बटणं, आबा."

"मग हडळ कुठून आली?" आबानं विचारलं.

पुनमनं पेनड्राइव्ह उपसून काढला. "परवा यांच्याच सेवेकऱ्यानं भजनं म्हणून फुकट दिला. बाबांनी लावला, फाईल उघडली. तिनंच हा कवटीचा खेळ आत बसवला. चालू केलं की ओरडतो."

"आमाले बी दिन्हा ना!" शेजारची भागाबाई किंचाळली.

"श्रद्धा नाही तिथं..." म्हणत महाराजांनी चपला शोधल्या.

आबाला शिसारी आली. त्या लिंबाची, शालीची, पोरीच्या शिक्षणात बाधा आणणाऱ्या त्या तोंडाची. तो अंगणात जाऊन थुंकून आला.

"ऐका रे," तो गल्लीला म्हणाला. "अनोळखी पेनड्राइव्ह लावू नका. पडदा ओरडला तर नेट तोडा, जाणत्याला विचारा. पासवर्ड कुणी मागितला, तर तो चोर समजा, भगवा घालो की कोट."

पुनमनं तो कवटीचा प्रोग्राम काढून टाकला, अँटीव्हायरसनं सगळं तपासलं आणि नवा पासवर्ड टाकायला बसली.

पासवर्ड दिसू नये म्हणून लोटन आपणहून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.