चार विषयांचं कीर्तन

तंत्रनिकेतनाचं पत्र ईट गावी आलं तेव्हा रामकिसन विहिरीवर इंजिनाला तेल घालत होता. हात धोतराला पुसून त्यानं पाकीट फोडलं. यंत्रशाखेच्या प्रवेशपरीक्षेला एकच पेपर होता, तीन तासांचा, आणि त्यात चार विषय: गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि यंत्ररेखन. पेपरानंतर तोंडी परीक्षा. पेपराला दीड महिना होता.

पत्र त्यानं तीनदा वाचलं. मॅट्रिक होऊन दोन वर्षं झाली होती, एकविसावं सरत आलं होतं. पुढच्या साली तो वयात बसणार नव्हता. वडिलांनी, लिंबाजींनी, आधीच सांगून ठेवलं होतं, की यंदा नंबर लागला तर खुशाल जा, न्हाय तर हा नाद सोड आणि औताला लाग. रागानं नव्हते बोलले. रागानं बोलले असते तर पोराला भांडता तरी आलं असतं.

रामकिसनची अडचण वेगळीच होती. पुस्तक उघडलं की अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढून मुंग्यांच्या रांगेसारखी निघून जात. सकाळी पाठ केलेलं सूत्र दुपारी विहिरीत पडल्यागत नाहीसं होई. आणि तोच रामकिसन मारुतीच्या देवळात एकदा ऐकलेलं कीर्तन महिन्यानंही जसंच्या तसं सांगे. बुवा कुठं थांबले, कुठल्या दृष्टांताला बाया हसल्या, कुठल्या पदाला झांजा चढत्या लयीत गेल्या, सगळं.

म्हणून तो नारायणबुवांकडं गेला. बुवा कीर्तनकार खरे, पण त्याआधी तीस वर्षं शाळामास्तर. निजामाच्या अमलात त्यांनी हेच गणित उर्दूतून शिकवलं होतं, आणि राज्य बदलल्यावर शेवटची काही वर्षं मराठीतून. त्यांनी पत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि बराच वेळ उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

"तुझ्या कानांनी शिकू," ते म्हणाले. "डोळ्यांना जरा विश्रांती दे."

मग देवळाच्या ओसरीवर रोज दुपारी कीर्तन उभं राहू लागलं. श्रोता एकच. बुवांनी विषय लावून दिले. गणित म्हणजे नमन. त्याच्यापुढं आधी वाकायचं, मग पुढचं. पदार्थविज्ञान म्हणजे पूर्वरंग, तिथं तत्त्वाचं निरूपण. रसायन म्हणजे मध्यंतर, माळ घालायची आणि बुक्का लावायचा, कारण तिथं एकात एक मिसळून तिसरंच काही होतं. आणि यंत्ररेखन म्हणजे आख्यान. प्रसंग नुसता सांगून चालत नाही, समोरून, वरून आणि बाजूनं, तिन्हीकडून डोळ्यांपुढं उभा राहिला पाहिजे.

चिपळ्या हातात घेऊन बुवा त्रिकोणमितीची सूत्रं ओवीच्या चालीवर म्हणत. घर्षणाला त्यांनी संथ चाल दिली होती, उष्णतेला द्रुत. थांबलेली वस्तू कुणी हलवल्याशिवाय हलत नाही, हा नियम आला तेव्हा ते स्वतःच थांबले. जीवाचंही असंच आहे रे, म्हणाले, कुणीतरी ढकलावं लागतं, आणि एकदा नामाकडं ढकलला की मग त्याला थांबवणारं कुणी नको. त्यांचे डोळे भरून आले. रामकिसनला तो नियम जन्मभराचा पाठ झाला.

ते दिवसच गुंगीत गेले. इंजिन सुरू केलं की त्याच्या धडधडीतून मृदंगाचे बोल निघत. पाटाचं पाणी उसात शिरताना त्याला वाटे, हे पाणी पूर्वरंगातून उत्तररंगात चाललंय. दुपारच्या झळेत बांधापलीकडची बाभळ वितळल्यासारखी हाले, आणि त्या हलण्यात त्याला दट्ट्या, दांडा, चाकं दिसत, एकमेकांना टाळी देत निघालेली. आई, धुरपदाबाई, भाकरी घेऊन आली की तिला पोरगं आम्ल आणि अल्कली असलं काहीबाही आरतीच्या सुरात गाताना दिसे. कुठल्या देवाचं हाय रं हे, तिनं एकदा विचारलं. रसायनाचं, तो म्हणाला. तिनं पदर सावरून हात जोडले.

परीक्षेच्या दिवशी तो मोठ्या दालनात बाकावर बसला. उंच खिडक्यांतून ऊन आत आलं होतं आणि उन्हात धूळ तरंगत होती, देवळातल्या धुपासारखी. त्यानं डोळे मिटून चारही विषयांना नमस्कार केला. गणित सुरळीत गेलं. नमनाला असा कितीसा वेळ लागायचा.

मग पदार्थविज्ञानाचा पहिलाच प्रश्न आला. उच्चालकाचं (तरफेचं) तत्त्व सोदाहरण स्पष्ट करा. गुण चार.

सोदाहरण म्हणजे दृष्टांतासह. त्यानं तत्त्व लिहिलं, टेकूची जागा, बळ आणि भार सांगितले, आणि मग दृष्टांत घेतला. विहीर खणताना पहारीनं उचकटलेल्या धोंड्याचा. पण एका दृष्टांतावर थांबणारा कीर्तनकार कुणी पाहिलाय? त्यामागून वाण्याचा तराजू आला. तराजूमागून अडकित्ता आला, अडकित्त्यामागून आईचा चिमटा, आणि चिमट्यात टेकू कुठं असतो याचं असं रसाळ निरूपण झालं, की लिहिता लिहिता तो स्वतःच मान डोलावू लागला. दालन दूर गेलं. टाक चालत होता, कुठंतरी झांजा वाजत होत्या, समोर गाव बसलं होतं. दृष्टांत संपवून तो पुन्हा मूळ पदावर येत होता, पुन्हा वर चढत होता. पुरवणी मागायला तो दोनदा उठला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

घंटा झाली तेव्हा त्याला वाटलं, मध्यंतर झालं. आता बुक्का लावायला कुणी पुढं येईल. पुढं आले ते पर्यवेक्षक. अर्धा तास राहिला, म्हणाले.

त्याच्यापुढं नऊ पानं होती, एकाच प्रश्नाची, आणि शेवटचं वाक्य अर्धवट. त्यानं वाक्य तसंच सोडलं, यंत्ररेखन ओढलं आणि पट्टी-पेन्सिलीनं तिन्ही बाजू जेवढ्या उभ्या राहतील तेवढ्या केल्या. पदार्थविज्ञानाचे उरलेले प्रश्न आणि सगळं रसायन कोरं राहिलं.

गावी आल्यावर बुवांनी पेपर कसा गेला विचारलं. बरा गेला, एवढंच तो बोलला. ज्यांनी दीड महिना घसा कोरडा केला त्यांना खरं सांगायला जीभ उचलेना. पुढच्या दोन आठवड्यांत त्यानं इंजिनाला हातसुद्धा लावला नाही.

मग तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं. टेबलामागं प्राचार्य बसले होते, आणि त्यांच्यापुढं ती नऊ पानं.

"हे चार गुणांचं उत्तर?"

"व्हय साहेब."

"असं लिहायला कुणी शिकवलं?"

"शिकवलं ते बरोबरच हुतं साहेब. म्याच भान सोडलं." आणि मग न राहवून त्यानं ओसरीवरच्या कीर्तनाची सगळी हकिकत सांगितली. प्राचार्य हसले नाहीत. शेवटचं पान उलटून त्यांनी वाचलं, "'पहारीनं जड धोंडा हलका होतो खरा, परंतु.' इथं तुमची घंटा झाली. आता पुरं करा. एका वाक्यात."

रामकिसनच्या छातीत सगळं पद भरून आलं. तराजू, चिमटा, झांजा, सगळं एकदम ओठांशी आलं. त्यानं ओठ घट्ट मिटले.

"परंतु जितकं बळ वाचतं, तितका हात जास्त लांब खाली न्यावा लागतो."

प्राचार्यांनी कागदावर काही लिहिलं आणि समजावून सांगितलं. गणित आणि रेखन चांगलं होतं, पदार्थविज्ञान या तोंडी उत्तरावर धरलं होतं. प्रवेश मिळेल, पण अटीवर. रसायनाची परीक्षा दिवाळीनंतर पुन्हा द्यायची. नापास झाला तर नाव कमी होईल.

घरी न जाता तो थेट ओसरीवर गेला. बुवांच्या पायांवर डोकं ठेवून त्यानं नऊ पानांपासून अटीपर्यंत सगळं सांगितलं, एकही शब्द न झाकता. दोष कुणाचा, हे दोघांनाही कळत होतं आणि दोघांनाही तो आपलाच वाटत होता. शेवटी बुवांच्या खांद्यावरचं उपरणं हसण्यानं हलायला लागलं. डोळे मात्र त्यांनी त्याच उपरण्यानं पुसले.

"चिमट्याचा दृष्टांत मी दिला नव्हता हां," ते म्हणाले. "तो तुझा."

"व्हय बुवा."

"चांगला आहे. एकादशीला घेईन मी." मग त्यांनी रामकिसनच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला उभं केलं. "आता महांतप्पा मास्तरांकडं जा. रूक्ष माणूस, घड्याळ लावून शिकवतो, एक दृष्टांत म्हणून देत नाही. रसायन त्यांच्याकडंच शीक. माझ्याकडं राहिलास तर दिवाळीपर्यंत आपलं नमनच चालेल."