सत्तावीस नंबरचं गाठोडं

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता गावातल्या दोघांनी मला उचलून बाजूला ठेवलं आणि माझ्याखालची लाकडी पेटी उघडली. पेटीत कापडी गाठोडी आणि एक वही होती. गाठोड्यांवरचे नंबर माझ्याच सुईने शिवलेले होते.

मित्रांनो, मी हाताने चाक फिरवायची एक जुनी शिवणमशीन आहे. पण आज मी माझं कौतुक सांगायला बसलेली नाही.

कॅनडातल्या उत्तर ऑन्टारियोत, तळ्याकाठच्या मिशन शाळेत मी तीस वर्षं होते. तिथल्या ओजिब्वे आदिवासींच्या मुली बोटीने यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांचे घरचे कपडे काढून गाठोड्यात बांधत, मुलीला नंबर देत आणि तोच नंबर शाळेच्या झग्यावर आणि गाठोड्यावर शिवत. घरी जाताना गाठोडं परत मिळे. माझा टाका सरळ, म्हणून सिस्टर युलाली पाहुण्यांना मला मुद्दाम दाखवायच्या. मी फुगून जायचे.

१९४८ साली अकरा वर्षांची देलिमा माझ्यावर शिवत असे. त्या सप्टेंबरात तिची सहा वर्षांची बहीण रोझाना आली. नंबर सत्तावीस. पायांत आजीने शिवलेले हरणाच्या कातड्याचे जोडे. त्यांवर निळ्या मण्यांची फुलं आणि एका फुलात एकच पिवळा मणी.

"हा मणी चुकलाय," सिस्टर म्हणाल्या.

"चुकला नाही, सिस्टर. आमच्यात एक चूक ठेवतात. बिनचूक फक्त वरचा. मणी मीच निवडून दिला होता," देलिमा म्हणाली.

"इथं चुका ठेवत नाहीत. शीव सरळ."

देलिमाने चाक फिरवलं. रोझाना कुजबुजली, "ताई, उंदरांनी माझे जोडे खाल्ले तर?"

"आधी सिस्टरांचे खातील. वास बघ केवढा येतोय!"

दोघी तोंड दाबून हसल्या. मी गाठोडं शिवून बंद केलं.

फेब्रुवारीत रोझानाला ताप आला. तिला वरच्या खोलीत नेलं. ती खाली आली नाही. पंधरा दिवसांनी देलिमाने धीर केला. "सिस्टर, रोझाना कुठंय?"

"नंबर सांग."

"सत्तावीस."

सिस्टरांनी मान वर केली नाही. "ती काय, तिसऱ्या बाकावर."

तिथं एक नवी मुलगी बसली होती, रोझानाच्या झग्यात. झग्यावरचा नंबर मीच शिवला होता. इतका पक्का, की पुन्हा शिवावा लागला नाही.

शाळेच्या त्या वहीत नोंद झाली: 'सत्तावीस, घरी पाठवली.' रोझाना घरी पोचली नाही. पुढे शाळा बंद पडली. मला त्या पेटीवर ठेवून गावाच्या सभागृहाच्या तळघरात ढकललं. इतकी वर्षं मी त्या गाठोड्यांवर बसून होते.

मंगळवारी देलिमा आली होती. वय सत्त्याऐंशी, सोबत नात. सत्तावीस नंबरची तीन गाठोडी निघाली. वहीत तिघीही घरी गेल्याची नोंद आहे. तिसऱ्या गाठोड्यात जोडे होते. देलिमाने डोळे मिटून अंगठा मण्यांवरून फिरवला. मग डोळे उघडून पिवळा मणी शोधला.

"कोकुम, वहीत तर घरी गेली असं लिहिलंय," नात म्हणाली. कोकुम म्हणजे त्यांच्या भाषेत आजी.

"जोडे टाकून? अगं, घरी ती झोपतानासुद्धा काढत नव्हती."

मित्रांनो, आम्हाला पुसा, तेल घाला, असं माझ्यासारख्या जुन्या वस्तू नेहमी सांगतात. मला तेल घालू नका. आमच्याखाली काय दडलंय, ते आधी बघा.

बुधवारी देलिमाने सिस्टरांच्या मठाला पत्र पाठवलं. त्यात एकच प्रश्न आहे: रोझानाला कुठं पुरलंत? आज सोमवार. उत्तर आलेलं नाही. जोडे माझ्या फळीवर ठेवले आहेत.